कॅक्टसची कुंडी बदलताना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ज्येष्ठ सभासदांकडे ‘दवाखान्याबाहेरचे काही’ मागितले आहे. कोणी सतारीविषयी लिहील, कोणी नर्मदा परिक्रमेविषयी. माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते एवढेच : खिडकीत ओळीने मांडलेल्या अकरा लहान कुंड्या. प्रत्येकीत एकेक कॅक्टस आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या कुंड्या बदलाव्या लागतात. विषय क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. परंतु माझे सारे व्यावसायिक आयुष्य भूलतज्ज्ञ म्हणून गेले, म्हणजे शिरेतून थेंब मोजून पाणी देण्यात गेले. पहिल्या दहा किलो वजनाला ताशी चार मिलिलिटर, पुढच्या दहाला दोन, उरलेल्या प्रत्येक किलोला एक, हा हिशेब आम्ही झोपेतही सांगू. अशा माणसाला ही काटेरी मंडळी पाणी न देण्याविषयी बरेच काही सांगतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

निवडुंग कोणता?

आधी नावाचा घोळ सोडविला पाहिजे. मांसल आणि काटेरी असे जे जे दिसेल त्या सर्वांना मराठीत आपण निवडुंग म्हणतो. वस्तुतः यात दोन अगदी भिन्न कुळे आहेत. खरा कॅक्टस हा अमेरिका खंडाचा रहिवासी होय. ऱ्हिप्सालिस नावाच्या एका जातीचा अपवाद वगळता तो अन्यत्र निसर्गतः आढळत नाही. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगसुद्धा समुद्रापलीकडून आलेला पाहुणाच आहे. उलट शेताच्या कुंपणाला दिसणारा त्रिधारी निवडुंग आणि आयुर्वेदातील स्नुही हे एरंडाच्या कुळातले. भगंदरावरील क्षारसूत्राला जे एकवीस लेप देतात, त्यांत या स्नुहीचेच दूध लागते, हे आपल्यातील आयुर्वेदाचे जाणकार सांगतील.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लव असलेल्या एका लहानशा गादीतून झुपक्याने उगवतात. तिला ‘अ‍ॅरिओल’ म्हणतात. शब्द आपल्याला शरीररचनाशास्त्रातून परिचित आहे. माझ्याकडील बहुतेक रोपे ज्या प्रजातीची आहेत, तिचे नावही ‘मॅमिलारिया’, कारण तिच्या अंगावर स्तनाग्रांसारखे उंचवटे असतात. स्नुहीच्या कुळाला अशी गादी नसते आणि जखम होताच पांढरे दूध वाहते. ते डोळ्यात गेल्यास नेत्रपटलाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून दूध येणारे झाड हाताळताना चष्मा अवश्य लावावा, आणि दूध डोळ्यात गेलेच तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

केव्हा बदलावी?

रोपवाटिकेतून आणलेला कॅक्टस सहसा दोन इंची काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावलेला असतो. हा भुसा पूर्ण वाळला की पाणी शोषत नाही. वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते. आणि एकदा भिजला की लवकर वाळत नाही. दोन्ही अवस्था मुळांना घातक. तळाच्या भोकातून मुळे डोकावू लागली, रोप कुंडीच्या कडेला टेकले किंवा पाणी आत मुरेनासे झाले, की स्थलांतराची वेळ आली असे समजावे.

माळव्यात यासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ उत्तम. थंडी सरलेली असते, मे महिन्याची होरपळ अद्याप दूर असते आणि रोप नव्या वाढीला लागणार असते. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतील दमटपणामुळे मुळांच्या जखमा सुकत नाहीत. कळ्या आल्या असतील तर फुले होऊन जाईपर्यंत थांबावे. ‘इलेक्टिव्ह’ शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना आपण जो विचार करतो, तोच इथे. फक्त तळाशी सड दिसली तर मात्र मुहूर्त पाहू नये, त्याच दिवशी बाहेर काढावे.

माळव्याची माती आणि कॅक्टसची माती

आपल्या काळ्या मातीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. गहू, हरभरा, सोयाबीन पिकवावे ते तिनेच. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात आणि इंदूरच्या कित्येक घरांच्या भिंतींनाही. पाणी धरून ठेवण्याचा हा तिचा गुण कॅक्टसच्या मुळावर येतो. कुंडीत काळी माती नकोच.

तथापि माळव्यात कॅक्टस वाढत नाही असे मुळीच नाही. रतलामजवळ सैलानाच्या राजवाड्यातील कॅक्टस उद्यान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे पटेल. प्रश्न निचऱ्याचा आहे. मी दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग जुने, चाळलेले पालापाचोळ्याचे खत घेते. त्यात चिमूटभर निंबोळी पेंड. वाळू नदीची असावी, समुद्राची नसावी. ती चहाच्या गाळणीतून चाळून खाली पडणारे पीठ टाकून द्यावे आणि वर उरते ते धुऊन वाळवून वापरावे. दोन ते पाच मिलिमीटरचे खडे असले की त्यांच्यामध्ये हवा खेळती राहते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्याने भरलेल्या मातीत ती अक्षरशः गुदमरतात.

कुंडी मातीची, भाजलेली, तळाला भोक असलेली. रोपाच्या घेरापेक्षा सर्व बाजूंनी एक-दीड सेंटीमीटर मोठी असली की पुरे. ‘मोकळे राहू दे बिचाऱ्याला’ म्हणून मोठी कुंडी देण्याचा मोह आवरावा. जिथे मुळे पोचलेली नाहीत तिथले पाणी पिणारे कोणी नसते, आणि ती ओल कुजण्याला आमंत्रण देते.

प्रत्यक्ष कृती

आधीचे आठवडाभर पाणी बंद ठेवावे. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते आणि मुळे कमी तुटतात. सूर्याकडे तोंड असलेल्या बाजूला कुंडीवर खडूने खूण करावी आणि रोप काढताना ती बाजू लक्षात ठेवावी. सावलीत वाढलेली बाजू एकाएकी उन्हात आली तर करपते. शस्त्रक्रियेपूर्वी बाजूची खूण करण्याची आपली शिस्त इथेही उपयोगी पडते.

काट्यांपासून बचाव करण्यासाठी जुन्या ‘नईदुनिया’च्या एका पानाची चार पदरी पट्टी करावी आणि ती रोपाभोवती गुंडाळून दोन्ही टोके चिमटीत धरावी. प्लॅस्टिकची कुंडी सर्व बाजूंनी हलके दाबावी, आडवी करावी आणि तळाच्या भोकातून पेन्सिलीने मातीचा गोळा पुढे ढकलावा. रोप कधीही ओढू नये. फड्या निवडुंगाच्या जातीचे रोप असेल तर अधिक जपावे. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा केसासारखे बारीक, उलट्या कुसळांचे काटे अधिक त्रास देतात आणि हातमोज्यात रुतून दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचतात. ते त्वचेत गेले तर आधी चिमट्याने झुपके काढावेत, मग फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन त्यावर गॉज ठेवावे आणि वाळल्यावर अलगद सोलून काढावे. उरलेसुरले बहुतेक काटे त्यासोबत निघून येतात.

आता मुळे पाहावीत. जुना भुसा बोटांनी किंवा बोथट काडीने मोकळा करावा. निरोगी मूळ फिकट आणि घट्ट असते. सडलेले तपकिरी, पोकळ आणि मऊ. सडलेला भाग स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने निरोगी पेशी दिसेपर्यंत छाटावा. शल्यचिकित्सकांना यात नवे काही नाही.

मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. कानात घालण्याच्या कापूसकाडीवर स्पिरिट घेऊन एकेक टिपावा. याच किडीचे एक दूरचे भावंड आपल्या पॅथॉलॉजीच्या मित्रांच्या नित्य परिचयाचे आहे, ते म्हणजे कोचिनील. फड्या निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या या किड्यापासून कार्मिन हा लाल रंग मिळतो, आणि ऊतींमधील श्लेष्म किंवा क्रिप्टोकॉकसचे आवरण दाखविणारे म्युसिकार्मिन त्याचेच. या रंगावरील स्पेनची मक्तेदारी मोडावी म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासचे फिजिशियन-जनरल डॉ. जेम्स अँडरसन यांनी तिथे निवडुंगाची खास बाग लावली होती. १७९५ मध्ये ब्राझीलहून कोलकात्याला किडे आले, परंतु ते हलक्या प्रतीच्या जातीचे निघाले. रंगाचा व्यापार फसला. किड्यांनी मात्र भारतात पसरलेल्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला.

छाटलेले रोप लगेच लावू नये. सावलीत, हवेशीर जागी, कागदावर तीन-चार दिवस तसेच पडू द्यावे. नंतर नव्या कुंडीत पूर्वी जितके खोल होते तितकेच खोल धरून चहूकडून मिश्रण सोडावे. अंगठ्याने दाबू नये. कुंडीला टिचक्या मारल्या की खडे आपोआप बसतात. वर बारीक गोट्यांचा थर दिला म्हणजे रोपाची मान कोरडी राहते.

आठ दिवस कोरडे

आणि आता खरा कसोटीचा भाग : पाणी घालायचे नाही. किमान आठ दिवस.

हे आपल्या हाडामांसात मुरलेल्या रीतीच्या विरुद्ध आहे. तुळस, मोगरा, गुलाब, कोणतेही रोप हलविले की त्याच क्षणी तांब्याभर पाणी घालावे, असे आपण लहानपणापासून पाहिले आहे. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला पोहोचण्यापूर्वी उन्हाळ्यात नळाखाली रिकामे हंडे लावून ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या लेखी तर पाणी देणे म्हणजेच माया करणे. तुळशीच्या बाबतीत ते योग्यही आहे. तिची पाने दिवसभर बाष्प सोडत असतात, तुटलेली मुळे तेवढे पाणी खेचू शकत नाहीत आणि ती माना टाकते.

कॅक्टसला पाने नाहीत. त्याचे काटे हीच रूपांतरित पाने. शिवाय तो दिवसा आपली रंध्रे मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा बंद दाराआड त्यातून अन्न तयार करतो. या प्रक्रियेची एक जुनी नोंद आपल्याच देशात झाली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागले. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चव घेऊन मधुमेह ओळखणाऱ्या आपल्या पूर्वजांचेच ते व्यवसायबंधू म्हणायचे.

सारांश, कुंडी बदललेल्या कॅक्टसला तहान लागलेली नसते. त्याच्या पोटात साठा असतो. त्याला झालेली असते ती जखम. तुटलेल्या मुळांच्या टोकांवर बुचासारखे एक कोरडे आवरण तयार होते आणि त्यानंतरच ते मूळ ओल्या मातीला तोंड देऊ शकते. त्याआधी पाणी पडले तर उघड्या जखमेतून बुरशी आणि जंतू आत शिरतात. माणसाच्या जखमेचे गणित नेमके उलटे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवून दिले की ओलसर ठेवलेली जखम अधिक लवकर भरते, आणि आधुनिक मलमपट्टीची दिशाच बदलली. म्हणजे ओल चांगली की कोरडेपणा चांगला, याला सार्वत्रिक उत्तर नाही. समोर कोण आहे आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहिल्याशिवाय पाण्याचा निर्णय करता येत नाही.

देणारा हात

माझ्या ओळीतील सर्वांत जुना कॅक्टस आईचा. ती पूजा आटोपल्यावर उरलेले पाणी सगळ्या झाडांना घालीत असे, याला वगळून. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, “तहान त्याला नाही लागलेली, तुला लागली आहे.”

२०१६ च्या उन्हाळ्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ती अंथरुणाला खिळली. घरीच राहायचे, हा तिचाच निर्णय होता. अखेरच्या आठवड्यात तिने अन्न सोडले, मग पाणीही घोटभरच घेऊ लागली. पुण्याहून धाकटा भाऊ आला. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ताई, हजारो माणसांना सुया टोचल्यास तू. आईची शीर तुला सापडत नाही का?”

शीर सापडत होती. मनगटावरची एक तर न चाचपताही दिसत होती. परंतु तिच्या पायांवर सूज होती, श्वासात खरखर सुरू झाली होती. शिरेतून दिलेले पाणी रक्तात न राहता सूज आणि खरखर वाढविण्याचीच शक्यता अधिक होती. एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला ठाऊक होता. हॉस्पिसच्या सेवेखालील, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील १२९ रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर आणि काहींना नाममात्र शंभर मिलिलिटर सलाईन दिले गेले. लक्षणांत, जीवनाच्या गुणवत्तेत अथवा आयुर्मर्यादेत फरक पडला नाही. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेही मत तेच होते.

हे सारे मी भावाला सांगितले. अभ्यासाच्या आकड्यांनी मुलाचे समाधान होत नसते, हेही मला ठाऊक होते. मग मी त्याच्या हातात वाटी दिली. दर अर्ध्या तासाने कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तिची जीभ आणि हिरड्या ओल्या करायच्या, ओठांना तुपाचे बोट लावायचे, कूस बदलून द्यायची. कोरड्या तोंडाचा त्रास खरा असतो आणि त्यावरचा उपाय शिरेत नसून तोंडातच असतो. त्याने ते काम चार दिवस, रात्री जागून, मनापासून केले. सलाईनचा विषय पुन्हा काढला नाही. पाचव्या दिवशी पहाटे आई शांतपणे गेली.

कॅक्टसशी याची तुलना फार ताणू नये. तो आठ दिवसांनी पाणी पिऊन पुन्हा वाढीला लागतो. आईच्या बाबतीत तसे होणार नव्हते. साम्य आहे ते देणाऱ्याच्या हाताचे. ‘काही देऊ नका’ एवढेच सांगून डॉक्टर निघून गेला, तर नातेवाइकांचा हात रिकामा राहतो आणि रिकामा हात सलाईनच्या बाटलीकडे जातो. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत कितीतरी बाटल्या अशाच लागत असतील. काय देऊ नये हे सांगताना त्या हाताने काय करावे, हेही आपण सांगितले पाहिजे. त्याला थोडा वेळ लागतो, इतकेच.

त्या आठ दिवसांत काय करावे

म्हणून कॅक्टसवाल्यांसाठीही कामाची यादी देते. नवी कुंडी थेट उन्हाऐवजी उजेड असलेल्या सावलीत ठेवावी. जुनी कुंडी धुऊन उन्हात वाळत टाकावी. तारीख लिहून चिठ्ठी खोचावी. दोन वर्षांनी ती उपयोगी पडते. रोज एकदा तळाशी रंग बदलला आहे का ते पाहावे. अंग थोडे सुरकुतले तर घाबरू नये. तो साठ्यातले पाणी वापरतो आहे.

आठव्या ते दहाव्या दिवशी सकाळी पहिले पाणी द्यावे, आणि ते मात्र कंजूषपणाने नव्हे. तळाच्या भोकातून वाहीपर्यंत मनसोक्त घालावे, बशीत साठलेले ओतून टाकावे आणि मग माती पूर्ण कोरडी होईपर्यंत पुन्हा विसरावे. हळूहळू ऊन वाढवावे. काही आठवड्यांनी शेंड्याशी नवे, ताज्या रंगाचे काटे दिसले की मुळांनी घर केले असे समजावे.

आईच्या मॅमिलारियाला यंदा बुडाशी बरीच पिले आली आहेत. ज्या सभासदांना हवी असतील त्यांनी येत्या मार्चमध्ये लहानशी मातीची कुंडी घेऊन घरी यावे. माती मी देईन, चहाही देईन. अट एकच. पहिले आठ दिवस पाणी घालणार नाही, असे कबूल करून रोप न्यावे.